सतरा नंबरचं मशीन आणि मामांची कबुतरं

गेंट,
गुरुवार, ५ फेब्रुवारी

ती. स्व. ओडिलॉनमामांच्या सेवेशी,

वान्नेसचा वाकून नमस्कार. (तीन दिवस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे यंदा नेहमीपेक्षा कमीच वाकलो आहे, राग मानू नये.) मी इकडे सुखरूप आहे, तुम्हा उभयतांची खुशाली कळवावी. तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सिडोनीमामींनी लोणी कमी केलं, की डॉक्टरच बदलले? कबुतरांच्या जोड्या लावून झाल्या असतील. गेल्या खेपेला जी मादी कुणालाच जवळ येऊ देत नव्हती, तिचं यंदा काही जमलं का? (माझ्याबद्दल आई तुम्हाला हाच प्रश्न विचारते, हे मला माहीत आहे. उत्तरही तेच आहे.)

माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. ज्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात तुमच्याच टेबलावर, तुमचंच स्टू खाताना, मूठ आपटून 'कागदाचे दिवस संपले मामा' असं ठणकावून सांगितलं, तो आज दोन्ही बाजूंनी भरलेला कागद पाठवतो आहे. त्याला कारणं दोन. एक म्हणजे तुमच्या शर्यतीच्या कबुतरांच्या क्लबचा ईमेल सोमवारपासून बंद आहे. दुसरं म्हणजे मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा मामींनी उचलल्यावर घाबरून ठेवून दिला. हे पत्र बसून वाचावं. हाताशी पेला ठेवावा. (पाण्याचा नव्हे. दुसरा.)

विषय क्लबच्या वंशावळीचा आहे. रविवारी पंधरा तारखेला क्लबच्या सभेत तुम्हाला तुमच्या निळ्या बेर्ता कबुतरीची वंशावळ वाचून दाखवायची आहे, आणि ओमेर पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसणार आहे, कारण सत्त्याऐंशी साली त्याच्या कबुतरखान्यातून एक अंडं तुमच्या कोटाच्या खिशातून बाहेर पडलं आणि तुमची सगळी निळी विजेती मूळची त्याची, असं तो गेली कित्येक वर्षं बिअरच्या प्रत्येक पेल्याबरोबर सांगत आला आहे. वंशावळ निघाली तर ओमेर तोंडावर पडेल. नाही निघाली तर त्या रविवारपासून निळी कबुतरं 'ओमेरची' म्हणून ओळखली जातील, तशी फळ्यावर नोंद होईल आणि तुम्ही क्लबात पाऊल ठेवणार नाही. हे सगळं मला पक्कं ठाऊक आहे. ते डोळ्यांपुढे ठेवूनच पुढचं लिहितो आहे.

आता माझं काम काय, हे तुम्ही आजवर अकरा वेळा विचारलं आहे आणि मी अकरा वेळा सांगितलं आहे, तरी बाराव्यांदा सांगतो, कारण त्याशिवाय सोमवारी काय झालं ते कळायचं नाही. पूर्वी एक कॉम्प्युटर चालू करायचा म्हणजे एक माणूस त्याच्यापुढे दिवसभर बसे. आम्ही तसं करत नाही. आम्ही मामींच्या पाककृतीसारखी एक चिठ्ठी लिहितो, की अमुक घ्या, तमुक घाला, दार लावा, आणि ती चिठ्ठी वाचून मशीनं आपली आपण उभी राहतात. एक काय, हजार राहतात. हाताने काही करायचं नाही, हा आमच्यातला मुख्य नियम. दुसरा नियम असा, की मशीनवर जीव लावायचा नाही. त्याला नाव द्यायचं नाही, नंबर द्यायचा. बिघडलं तर बरं करत बसायचं नाही, मारून टाकायचं आणि चिठ्ठीवरून नवं उभं करायचं. हे मी तुम्हाला मागे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे कबुतराला सर्दी झाली की तू त्याची मान मुरगळणार? अरे गधड्या, नंबर तर माझ्याही कबुतरांच्या पायात आहेत, पण मी आधी डोळा बघतो! तू माझ्या कबुतरखान्याच्या शिडीवर पाय ठेवलास तर शिडी ओढून घेईन." त्या वेळी मी खूप हसलो होतो.

तर अशा आमच्या लोकांचा दर फेब्रुवारीत गेंटला मेळावा भरतो. तीन दिवस, एका कॉलेजच्या इमारतीत, पोरांना सुट्टी देऊन. नऊ-दहा देशांतून सातआठशे माणसं येतात. सगळ्यांच्या अंगात काळे टीशर्ट आणि लॅपटॉपवर इतके स्टिकर, की खालचा लॅपटॉप कोणत्या कंपनीचा हे खुद्द कंपनीला ओळखता येऊ नये. आमच्यात जो तो आपलं काम फुकट वाटून टाकतो, कुणीही घ्यावं, बदलावं, परत द्यावं. (आई याला 'पगार नसलेली नोकरी' म्हणते.) मेळाव्याचा सगळा कारभारही स्वयंसेवकांचा. चीजचे पाव कुणी भरायचे, खुर्च्या कुणी लावायच्या, सगळं ठरलेलं. आणि मेळाव्याची चाळीस मशीनं सांभाळायला मी. त्या चाळिसांतच एका कोपऱ्यात मी तुमच्या क्लबचं मशीन बसवून दिलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. दोन हिवाळे तुम्ही एकेका कबुतराची वंशावळ सांगत होतात आणि मी टाइप करत होतो. तुमच्या हट्टाखातर त्या मशीनचं नाव मी 'बेर्ता' ठेवलं होतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मात्र मला शिस्तीचा झटका आला. दुसऱ्यांना नियम शिकवतो आणि स्वतःच्याच चाळीस मशीनांत एक बेर्ता म्हणून हिंडते आहे, याची लाज वाटली. मी तिचं नाव पुसलं आणि नंबर दिला. सतरा.

यंदा माझं व्याख्यान होतं. सोमवारी दुपारी, मोठ्या दालनात, तीनशे माणसांपुढे. सहा वर्षं अर्ज करत होतो, तेव्हा कुठे मोठं दालन मिळालं. व्याख्यानाचा मुद्दा असा, की ज्याचं काम चोख आहे त्याने आपलं कुठलंही मशीन, कधीही, डोळे मिटून मारावं, सात मिनिटांत ते जसंच्या तसं उठून उभं राहिलं पाहिजे. आणि हे नुसतं बोलायचं नव्हतं, सर्वांसमक्ष करून दाखवायचं होतं. आमच्यात नुसतं बोलणाऱ्याला टाळ्या पडतात, पण करून दाखवणाऱ्याला लोक बिअर पाजतात. आता एक गोष्ट कबूल करायला हवी. सतरा नंबरवर मीच पूर्वी एक अट घालून ठेवली होती, की हे मशीन कुणीही सांगितलं तरी मारू नये. शुक्रवारी सराव करताना ती अट सारखी आडवी येत होती. कुठल्या शहाण्याने घातली म्हणून मी शोधत गेलो, तर शहाणा मीच निघालो. मग म्हटलं, जाऊ दे, आपलीच आहे. काढून टाकली.

व्याख्यान सुंदर झालं. (हे मी म्हणत नाही, छापील अभिप्राय आहेत.) शेवटी मी बाह्या सरसावून म्हटलं, "एक ते चाळीसमधला कोणताही आकडा सांगा!" तिसऱ्या रांगेत इल्दिको नावाच्या हंगेरीच्या बाई बसल्या होत्या. अत्यंत सज्जन बाई, चष्मा, मांडीवर विणकाम. त्या म्हणाल्या, "सतरा." मी म्हटलं, "सतरा? ठीक! कोण आहे हा सतरा? मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही हीच आपल्या कामाची शान आहे!" आणि बटण दाबलं. मामा, ते वाक्य चित्रफितीत आहे. लोकांनी ते आता टीशर्टवर छापायला घेतलं आहे.

सहा मिनिटं चाळीस सेकंद. सात नव्हे, सहा चाळीस! मशीन असं उठलं, जसं काही झालंच नाही. सगळे हिरवे दिवे लागले, लोक उभे राहिले, मी छातीवर हात ठेवून तीनदा झुकलो. (उसण बहुतेक तिथलीच.) बाहेर येऊन सूपचा पहिला घोट घेतो तोच फोनवर सिडोनीमामींचा निरोप. मामींचे निरोप तुम्हाला माहीत आहेतच, आधी कौतुक आणि मग सुरी. लिहिलं होतं, "वान्नेस, क्लबची वेबसाइट किती स्वच्छ दिसतेय रे आज. पण कबुतरं कुठायत?"

सूप हातात होतं ते शेजारच्या फिनलंडवाल्याच्या बुटावर गेलं. मशीन जसंच्या तसं उभं राहिलं होतं, यात तसूभर खोटं नाही. वर क्लबचं नाव होतं, तुमचा टोपीतला फोटो होता, शोधायची चौकट होती. मी तिच्यात 'निळी बेर्ता' लिहिलं. उत्तर आलं, "या नावाचं कबुतर नाही." 'ओडिलॉन' लिहिलं. "या नावाचं कबुतर नाही." एक्केचाळीस वर्षांत जन्मलेलं, उडालेलं, जिंकलेलं, ससाण्याने नेलेलं एकही कबुतर त्या मशीनला माहीत नव्हतं. चिठ्ठीत मशीन कसं उभं करायचं ते सगळं होतं. कबुतरं चिठ्ठीत नव्हती.

तुम्ही म्हणाल, अरे, पण तू तर म्हणाला होतास की तीन ठिकाणी प्रती आहेत. म्हणालो होतो. पहिली प्रत रोज सकाळी सहाला आपोआप निघे. ती 'बेर्ता'ची निघे. मार्चात बेर्ताचा सतरा झाला, हे तिला कुणी कळवलंच नाही, म्हणून गेले अकरा महिने ती रोज सकाळी सहाला उठून बेर्ताच्या रिकाम्या खोलीची इमानेइतबारे प्रत काढत होती आणि मला कळवत होती, 'काम फत्ते, एकूण नोंदी शून्य.' पुढे हिरवी खूण. मी खूण बघत होतो मामा, शून्य बघत नव्हतो. दुसरी प्रत फार आज्ञाधारक. मूळ मशीनवर जे होईल ते चाळीस सेकंदांत स्वतःवर करून घ्यायचं, अशी तिला ताकीद होती. तिने करून घेतलं. तिसरी प्रत कुठे आहे म्हणून मी माझी जुनी टिपणं उपसली, तर एक ओळ सापडली: 'तिसरी प्रत, नंतर बघू.' खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख.

आता आमच्यात असा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी चौकशीची बैठक बसते, आणि तिचा कडक नियम असा, की कोणालाही दोष द्यायचा नाही. दोष कामाच्या पद्धतीचा, माणसाचा नाही. बैठक लिस्बेतने घेतली. (मेळाव्याची मुख्य चालक. मागे माझ्यासोबत तुमच्याकडे आली होती ती, जिने तुमच्या कबुतरखान्याच्या दाराचं बिजागर न विचारता दुरुस्त केलं. आईला सांगू नये, आमचं तसं काही नाही.) ती हातात खडू घेऊन उभी राहिली आणि पाच वेळा 'का' विचारती झाली.

"कबुतरं का गेली?"

"सतरा नंबर मारला म्हणून."

"सतरा नंबर का मारला?"

"इल्दिकोबाईंनी सांगितला म्हणून."

इल्दिकोबाईंनी विणकाम खाली ठेवलं आणि रडायला लागल्या. मग दहा मिनिटं सगळे त्यांना समजावत होते, की बाई, तुमचा दोष नाही, दोष कुणाचाच नसतो. त्या सावरल्यावर लिस्बेतने माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर गोड आवाजात विचारलं, "आणि 'मारू नये' ही अट ज्या पद्धतीने काढली, ती पद्धत सध्या कोणत्या खुर्चीवर बसलीय?" मी हात वर केला. शेवटी आठ सुधारणा फळ्यावर लिहिल्या गेल्या. त्यांतली सातवी अशी, की यापुढे सतरा हा आकडा वापरू नये.

पण आमचे लोक मनाचे फार मोठे, मामा. बातमी फुटली आणि बुधवारी सकाळी भिंतीवर कुणीतरी कागद चिकटवला: 'कबुतरं वाचवा, खोली क्रमांक तीन.' माझ्या व्याख्यानाला तीनशे होते, या खोलीबाहेर रांग लागली. चार-पाच जण खरोखर पुसलेल्या मशीनमध्ये डोकं घालून बसले, दुपारपर्यंत खरवडत होते, आणि त्यांना सव्वा कबुतर मिळालं. (एक पूर्ण, 'टोनी', मृत्यू १९९३. आणि एकाचं नुसतं शेपूट.) बाकीचे साठ जण मात्र मूळ प्रश्न बाजूला ठेवून, जगातल्या सगळ्या कबुतरांच्या वंशावळी पुढे कशा लिहाव्यात यावर तुटून पडले. ओळ दोन घरं आत सरकवून लिहायची की चार, यावर एक तास गेला आणि दोन मित्र कायमचे दुरावले. मग एक हॉलंडवाला उठला आणि म्हणाला, "अडचण अशी आहे की प्रत्येक कबुतराला दोन पालक दिसतात. त्यामुळे आपली रचना फार गुंतागुंतीची होते. एकावर भागवता येणार नाही का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण कबुतरांतला जाणकार म्हणून मीच तिथे होतो. मी म्हटलं, मामांना विचारून कळवतो. तरी कृपया कळवावं.

संध्याकाळच्या समारोपापर्यंत त्या प्रकल्पाला नाव, बोधचिन्ह, आचारसंहिता आणि सात जणांचं कार्यकारी मंडळ मिळालं होतं. गोल स्टिकर छापून झाले, त्यावर चष्मा घातलेलं कबुतर आहे. त्रेचाळीस सभासद झाले. कबुतरं सव्वाच. मला मात्र तीन देशांतल्या मेळाव्यांतून 'मी सतरा कसा मारला' यावर बोलायचं निमंत्रण आलं. सहा वर्षं यश सांगायला मोठं दालन मागत होतो, नुकसान केल्यावर तीन दालनं चालून आली. सगळे पाठीवर थाप मारून सांगत होते, होतं रे, आमचंही झालंय. बिअरही त्यांनीच पाजली.

घरी आलो, बूट न काढताच ते रिकामं पान पुन्हा उघडलं आणि मला रडू आलं, मामा. त्या दोन हिवाळ्यांत तुम्ही सांगत असताना मी घाई करत असे. नंबर सांगा, साल सांगा, पुढचं सांगा. तुम्ही मात्र प्रत्येक मेलेल्या कबुतरापाशी थांबायचात. हे वादळात तीन दिवसांनी पायी चालत आलं, हे तुझ्या आजोबांच्या खांद्यावर बसायचं, वगैरे. मी म्हणायचो, त्याला रकाना नाही. तुम्ही म्हणायचात, "मग नुसतं ऐक." ते मला आता शब्दन् शब्द आठवतं आहे, पण ज्या नंबरांनी ओमेरचं तोंड बंद होईल त्यांतला एकही आठवत नाही. मी तुमचा अपराधी आहे. आमच्या बैठकीत काहीही ठरलेलं असो, दोष माझा आहे.

सभेच्या दिवशी मी येईनच. ओमेरपुढे उभा राहून सगळं माझ्या तोंडाने सांगेन, हवं तर सगळ्या क्लबाने माझी एक चौकशी-बैठक घ्यावी, त्यात दोष द्यायला माझी पूर्ण परवानगी आहे. मामींना साष्टांग नमस्कार. (तो प्रत्यक्ष भेटीत घालीन. सध्या खाली गेलो तर वर येणार नाही.) बेर्ताच्या पणतीला चार दाणे माझ्या नावाने जास्त टाकावेत.

तुमचा नालायक भाचा,
वान्नेस

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. टाइप करून झाल्यावर वंशावळीच्या तुमच्या त्या चौदा वह्या मी तुम्हाला जाळायला लावल्या होत्या. तुम्ही 'बरं' म्हणालात, ते जरा फार लवकर म्हणालात असं आता वाटतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बागेतल्या धुराचा फोटोही पाठवलात. तो फोटो मी काल मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला. धुराच्या मागे तारेवर धुरी द्यायला टांगलेले सहा बांगडे दिसतात. मामा, मी अडतीस वर्षांचा झालो, इतक्या वर्षांत तुम्ही माझं एकदाही ऐकलेलं नाही. त्या दिवशीही ऐकलं नव्हतं, असं कृपा करून एका ओळीत कळवा.

ता. क. २ : हे पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात मामींचा फोन आला, या वेळी त्यांनीच केला. त्या म्हणाल्या, "वान्नेस, तू तीनदा फोन ठेवलास, तेव्हाच यांना संशय आला. हे माळ्यावर चढलेत, गुडघ्याचं निमित्त विसरून, आणि वरून ओरडतायत की चौदाच्या चौदा आहेत. तुला एक निरोप दिलाय त्यांनी." मी विचारलं, काय? तर म्हणाल्या, "वह्या दाखवीन, पण लांबून. आणि त्या लिस्बेतला घेऊन ये, त्या तिच्या हातात देईन."